मायन्यापाशी अडलेलं लग्न

आमच्या घरी पत्रातला मजकूर कुणीही सांगावा, मायना मात्र बाबांनीच, असा रिवाज होता. बाबा रत्नागिरीच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स आणि नोटिसा घेऊन गावोगाव हिंडायचं, ज्याच्या नावाचा कागद त्याला शोधून काढायचं आणि कागद त्याच्याच हातात द्यायचा, हे त्यांचं काम. एका भावाचा कागद दुसऱ्या भावाच्या हातात कोंबून परतीची एसटी पकडणारे बेलिफही असतात. बाबा त्यातले नव्हते. ते समोरच्याला त्याचं नाव विचारत, बापाचं नाव विचारत, जमलं तर शेजाऱ्यालाही विचारून घेत आणि मगच पिशवीत हात घालत. ती सवय ते घरीही घेऊन यायचे. पत्र कुणाला जायचंय, तो आपला कोण, वयाने थोर की धाकटा, हे पक्कं झाल्याशिवाय आमच्याकडे पेनाचं टोपण निघत नसे.

आताच्या पोरांना मायना म्हणजे काय तेही समजावून सांगावं लागतं. पत्राच्या डोक्यावर, मजकुराच्या आधी, ज्याला लिहायचं त्याला घातलेली हाक म्हणजे मायना. पण ती साधी हाक नव्हे. स्वतःचे आईवडील असतील तर तीर्थरूप. आईवडिलांच्या जागी असलेले काका, मामा, मास्तर असतील तर तीर्थस्वरूप. धाकट्याला चिरंजीव आणि आशीर्वाद, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार, परक्या पण मानाच्या माणसाला राजमान्य राजश्री. यात काही चुकलं की आत सोनं लिहिलेलं असलं तरी फुकट. माणूस आधी मायना बघतो आणि आपल्याला कुठे बसवलंय ते ताडतो, असं बाबांचं म्हणणं होतं.

मी या सगळ्याला विटलेली होते, आणि त्याला कारण होतं. ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. माझ्या लग्नाचं बघत होते आणि संगमेश्वरचं एक बरं स्थळ मायन्यापायी हातचं गेलं होतं. मुलाच्या वडिलांनी पत्रात बाबांना 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिले. बाबा खवळले. हा मला आशीर्वाद देणारा कोण, माझ्याहून मोठा कशावरून, असं म्हणून त्यांनी त्या गृहस्थांचं वय काढायला माणूस लावला. ते निघाले बाबांहून धाकटे. बाबांनी उलट टपाली त्यांना तेवढेच उत्तम आशीर्वाद पाठवले आणि विषय तिथे संपला. आई म्हणाली, दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना आशीर्वाद दिले आणि पोर राहिली घरात.

आईला मी वहिनी म्हणत असे. घरात धाकटी आत्या होती, ती वहिनी म्हणायची, तिचं ऐकून मीही म्हणू लागले आणि तेच पुढे राहिलं. तर या आईने संगमेश्वरनंतर बाबांकडून मजकुराचं काम काढून घेतलं. तसंही बाबांचं लिहिणं कोर्टाच्या वळणाचं. माझ्याबद्दल त्यांनी एका ठिकाणी लिहिलं होतं की सदर मुलगी रंगाने गव्हाळ असून तिचे वर्तणुकीबाबत आजवर कोणतीही तक्रार नाही. हे वाचून कोण मुलगी बघायला येणार? मी बी.ए. झालेली, एका टायपिंग क्लासमध्ये शिकवत होते, अक्षर बरं होतं. तेव्हा माझ्या लग्नाची पत्रं बाबांच्या नावाने मीच लिहायची आणि मायना तेवढा बाबांनी सांगायचा, असं ठरलं.

स्वतःच्या लग्नाचं पत्र बापाच्या तोंडून लिहायचं म्हणजे मोठी गंमत असते. 'आमची मुलगी स्वभावाने अत्यंत शांत आहे,' असं मी एकदा लिहिलं. आईने मागून डोकावून वाचलं आणि म्हणाली, "एवढं खोटं कशाला गो? 'कामाची आहे' एवढंच लिही, तेही अर्धंच खरं."

खेडचं स्थळ मामाने आणलं. मामा नाटे गावात राहायचा, मासळीचा धंदा करायचा आणि टेम्पोबरोबर खेडच्या बाजाराला जायचा. तिथे त्याची वीज खात्यातल्या एका मुलाशी ओळख झाली. मुलगा चांगला, हे मामा छातीवर हात ठेवून सांगत होता. घरच्यांविषयी मात्र त्याला काही धड माहीत नव्हतं. खेडच्या जवळच्या गावात मोठं एकत्र घर आहे, भात पिकतं, थोडी कलमं आहेत, माणसं गुणाची आहेत, एवढंच तो सांगे. कोण कोण आहेत विचारलं तर म्हणे, बरीच आहेत.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी ती मंडळी मला बघायला आली. तीन वडीलधारे, एक बाई आणि मुलगा. बाई मुलाची आई, हे लगेच कळलं, कारण आल्या आल्या ती माझ्या आईबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि मुलाला काय आवडतं ते सांगायला लागली. बाहेरच्या तिघांचं मात्र काही उमगेना. तेव्हा आजच्यासारखी ओळख करून देण्याची पद्धत नव्हती. आम्ही मंडळी आलो, या बसा, पाणी घ्या, झालं. तुम्ही मुलाचे कोण, असं पाहुण्याला विचारणं म्हणजे त्याचा अपमान. माणसाने ते आपणहून ओळखायचं. स्वयंपाकघरातल्या बाईंकडून कळेल म्हणावं, तर त्या 'आमच्या ह्यांना तिखट चालत नाय' म्हणाल्या आणि मान ओटीकडे उडवली. ओटीवर 'हे' तीन बसले होते.

एक होते अण्णा. कोट, टोपी, खणखणीत आवाज. ते सरळ आरामखुर्चीत बसले आणि निघेपर्यंत बोलत राहिले. पत्रिका त्यांनी मागितली, माझं शिक्षण त्यांनी विचारलं, आंब्याच्या मोहोराबद्दल बाबांना चार गोष्टी त्यांनीच सुनावल्या. दुसरे भाऊ. ते खूपच वयस्क होते, कानाने अधू, त्यामुळे अण्णा जे बोलत त्याला मागाहून मान डोलावत. तिसरे एक किरकोळ अंगाचे गृहस्थ दाराजवळच्या बाकाच्या टोकावर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. चहाची बशीसुद्धा त्यांनी आवाज न करता खाली ठेवली.

दिवेलागण झाली आणि आमच्या ओटीवरचा दिवा फडफडायला लागला. तो नेहमीच फडफडायचा. पण बघायला आलेला मुलगा उठला, स्टूल मागून घेतलं, त्यावर चढला आणि होल्डरशी खटपट करू लागला. खाली अण्णा नाडी आणि गण जुळवताहेत आणि वर नवरा मुलगा हात वर करून उभा. "काका, जरा बॅटरी धरा," तो म्हणाला, तसे दाराजवळचे ते गृहस्थ लगबगीने उठले. एका हाताने त्यांनी बॅटरी धरली, दुसऱ्या हाताने स्टुलाचा पाय धरला आणि मुलगा खाली उतरेपर्यंत वर बघत उभे राहिले.

दिवा लागला. मुलाने रुमालाने स्टूल पुसलं आणि होतं तिथे नेऊन ठेवलं. मग त्याने मला पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला, की दिवे गेले म्हणजे तुम्ही काय करता. मी म्हटलं, अंधारात बसतो आणि तुमच्या खात्याला नावं ठेवतो. अण्णा बोलायचे थांबले. आईने आतून माझ्याकडे डोळे वटारले. तो मात्र मोकळेपणी हसला. मला तो आवडला. तोवर मी बऱ्याच मुलांपुढे पोह्यांच्या बशा नेल्या होत्या आणि त्यातला एकही स्टुलावर चढला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात खेडहून पत्र आलं. पत्रिका जुळते, मुलगी आम्हां सर्वांस आवडली, आपला विचार कळवावा म्हणजे बैठक ठरवू. अक्षर झोकदार होतं. खाली सहीच्या जागी नुसतं आडनाव आणि त्यापुढे 'समस्त मंडळी'.

बाबांनी चष्मा पुसला. समस्त मंडळी ही काय व्यक्ती आहे, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, त्यांनी समस्त मंडळी लिहिलंय, तुम्हीही समस्त मंडळींस लिहा आणि मोकळे व्हा. बाबांना ते पटणं शक्यच नव्हतं. सगळ्यांच्या नावाचा कागद कुणाच्याच हातात पडत नाही, ते म्हणाले. मुलाच्या बापाला लिहायचं ते त्याला बाप म्हणूनच लिहिलं पाहिजे. मामाला विचारावं तर तो नाट्याला, आणि विचारून तरी तो 'बरीच आहेत' याखेरीज काय सांगणार होता? शिवाय जाता जाता त्याने सांगितलं होतं की त्या घरात चिपळूणचंही एक स्थळ लोंबकळतंय, उत्तराला उशीर करू नका. मला धास्ती होती ती या चिपळूणची.

मग बाबांनी आम्हां दोघींची साक्ष घेतली. चहा आधी कुणापुढे गेला? अण्णांपुढे. पत्रिका कुणी मागितली? अण्णांनी. आता निघू या, असं कोण म्हणालं? अण्णाच. भाऊ बाप होण्याच्या वयापलीकडचे, ते थोरले चुलते असणार. आणि तिसऱ्यांबद्दल तर प्रश्नच नव्हता. खुद्द मुलानेच त्यांना सर्वांसमक्ष काका म्हटलं होतं. अण्णांचं आणि मुलाचं नाक तंतोतंत सारखं आहे, असंही आईने छातीठोकपणे सांगून टाकलं. निकाल एकमताने लागला.

'तीर्थस्वरूप अण्णा यांसी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.' अण्णा वयाने थोर दिसत होते, म्हणून बाबांनी हा मायना सांगितला आणि पुढचं मी सुंदर अक्षरात लिहिलं. आपले चिरंजीव आम्हां सर्वांस पसंत आहेत. आपल्या सोयीचा दिवस कळवावा. आपले ज्येष्ठ बंधू भाऊ आणि धाकटे बंधू काका यांस नमस्कार. शेवटी आईने सुचवलं की बाई बिचाऱ्या माझ्याशी किती छान बोलल्या, त्यांनाही दोन शब्द घाल. म्हणून मी घातले, 'आपल्या सौभाग्यवतींस आमचा नमस्कार सांगावा.'

पत्र गेलं आणि त्यानंतर सगळं शांत झालं. पोस्टमन रोज आमच्या दगडी गडग्यावरून मान वळवून पुढे जायचा. कलमांवर कैऱ्या धरल्या. बाबांना वाटू लागलं की साष्टांगाऐवजी शिरसाष्टांग घालायला हवं होतं. आईला वाटत होतं की मी दिव्यावरून बोलले ते भोवलं. मी कुणाशी धड बोलत नव्हते. क्लासमधल्या मुलींनी एक कळ चुकवली तरी मी पूर्ण पान पुन्हा टाइप करायला लावत होते. चिपळूणच्या मुली दिसायला बऱ्या असतात असं कुणीसं बोललं, तर त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही.

एके दिवशी बाबा दुपारचे जेवायला आले होते आणि पाठोपाठ खेडचा मुलगा एकटाच दारात उभा राहिला. खात्याचं सामान न्यायला रत्नागिरीत आलो होतो, म्हणून डोकावलो, म्हणाला. आईने त्याला ओटीवर बसवलं, कोकमचं सरबत दिलं. त्याने ते एका दमात संपवलं आणि मग सांगायला लागला.

अण्णा त्यांच्या घरातले नव्हतेच. वाडीतले निवृत्त मास्तर. बोलायला चांगले म्हणून कुठेही बोलणी करायची झाली की घरची मंडळी त्यांना पुढे घालत. घरची पत्रं लिहायची तीही त्यांनीच आणि आलेली वाचून दाखवायची तीही त्यांनीच. आणि अण्णांनी जन्मात लग्न केलेलं नव्हतं. आमचं पत्र त्यांनी रिवाजाप्रमाणे घरापुढच्या खळ्यात उभं राहून खणखणीत वाचायला घेतलं. 'आपले चिरंजीव' आलं तिथे ते अडखळले. 'आपल्या सौभाग्यवतींस' आलं तेव्हा खळ्यात हशाचा नुसता गदारोळ झाला. मुलाची आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. भाऊंना काही ऐकू आलं नव्हतं, त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, म्हणून ते सगळं मोठ्या आवाजात दुसऱ्यांदा वाचलं गेलं.

मी मान खाली घालून ऐकत होते. मग तुमचे वडील कोण, असं बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"काका," तो म्हणाला.

भाऊ थोरले, त्यांची मुलं आधीची. ती चुलत्याला काका म्हणायची. मागाहून ही भावंडं झाली, तीही ऐकून काकाच म्हणायला लागली. वाडीही काका म्हणते, बायकोसुद्धा मुलांपाशी काकाच म्हणते. हे ऐकल्याबरोबर आईला हसू आवरेना. माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "ही मला जन्मभर वहिनी म्हणत आली, आणि हिच्या डोक्यात नाय आलं." ते खरं होतं. आमच्या आळीत अर्ध्या घरांत बापाला भाऊ, दादा नाहीतर काका म्हणत होते. स्वतःच्या घरात ते आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं, की दुसऱ्याच्या घरातही तसंच असेल हे सुचलंच नाही.

मुलगा आमच्याबरोबर हसला, पण मग थांबला. काका रागावले आहेत का, असं बाबांनी विचारलं. तो म्हणाला, रागावले असते तर बरं झालं असतं. ते त्या दिवशी सगळे हसत असताना उठले आणि मळ्यात गेले. रात्री जेवताना फक्त एकदा बोलले.

"काय म्हणाले?" मी विचारलं. मी मध्ये बोलायचं नव्हतं, पण विचारलं.

"म्हणाले, 'येवढा वेळ तिकडं बसलो, पण मी कुणाचा बापूस असेन असं कुणाला वाटलं नाय.'"

मला रडू आलं आणि रडू आलं याचा रागही आला. मुलगा पुढे सांगत होता. घरातला प्रत्येक निर्णय आजवर भाऊच घेत. पण या वेळी भाऊ म्हणाले, तुझ्या पोराचं लग्न आहे, तू बोल. आणि काका बोलत नाहीत. आमच्याकडे 'हो' नाही, चिपळूणला 'नाही' नाही. तू तरी विचारलंस का त्यांना, असं आईने म्हटल्यावर तो म्हणाला, "आमच्या घरात काकांना कुणी काही विचारतच नाही. त्यामुळे कसं विचारायचं ते मलाही येत नाही." मग त्याने पेला खाली ठेवला आणि खेडची गाडी चुकेल म्हणून निघाला.

बाबांकडे बघवत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक कागद चुकीच्या माणसाला गेला नव्हता, आणि गेला तो पोटच्या पोरीचा. उद्याच्या उद्या खेडला जातो आणि पाय धरतो, म्हणायला लागले. आईने त्यांना थांबवलं. चार माणसांत जाऊन माफी मागाल, म्हणजे सगळी वाडी पुन्हा हसेल, आणि हसतील ते त्यांनाच, ती म्हणाली. त्यांच्या नावाने एक नीट पत्र लिहा, आयुष्यात त्यांना कुणी लिहिलं नसेल.

मी म्हटलं, मी लिहिते. बाबांच्या नावाने नाही, माझ्या नावाने. न ठरलेल्या लग्नाच्या मुलीने होऊ घातलेल्या सासऱ्याला पत्र लिहिणं, ही गोष्ट तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलेली नव्हती. एरवी बाबांनी मला उभंही केलं नसतं. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून अंतर्देशीय पत्र काढून दिलं आणि मायना सांगायला तोंड उघडलं, तेही पुन्हा मिटलं. तूच बघ, म्हणाले.

मी पेन हातात घेऊन बसले आणि मला पहिल्यांदा कळलं की बाबा इतका वेळ का घेतात. या माणसाला मी काय म्हणायचं? काका म्हणायचं तर ते सगळं गाव म्हणतं आणि त्यातूनच तर हे झालं. मामंजी म्हणायचा अजून मला हक्क नव्हता. राजमान्य राजश्री म्हणजे वाण्याला सामान कळवल्यासारखं. रीतीप्रमाणे तीर्थस्वरूप बरोबर होतं. पण तीर्थस्वरूप आम्ही अण्णांना देऊन बसलो होतो. आणि ह्यांना नुसत्या वडिलांच्या जागी बसवायला मला नको होतं. ते वडीलच होते, आणि तेच कुणी म्हटलं नव्हतं.

मी 'तीर्थरूप' लिहिलं. त्यापुढे काही नाही, काका नाही, आडनाव नाही. खाली लिहिलं की चूक आमच्या घराची झाली. तुम्ही बाकावर होतात तेव्हा मला समजलं नाही. पण तुमचा मुलगा स्टुलावर होता तेव्हा बाकीचे सगळे बोलत होते आणि तुम्ही एकटे त्याच्याकडे बघत होतात, तो खाली उतरेपर्यंत. ते मी पाहिलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. लग्नाविषयी एक अक्षर घातलं नाही.

बाबांनी पत्र घेतलं. पहिला शब्द वाचून ते खूप वेळ तिथेच थांबले. तीर्थरूप फक्त जन्मदात्याला, हे त्यांनीच मला पाटीवर खडूने लिहून शिकवलं होतं.

"लग्न जमलं नाही तर?" त्यांनी विचारलं. "हे लिहिलेलं तिकडेच राहील."

"राहू दे," मी म्हटलं. "त्यांना एकदा तरी कुणीतरी वडील म्हटलेलं राहील."

बाबांनी पत्र चिकटवलं, पण पेटीत टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते पहाटेच्या एसटीने खेडला गेले. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही, कागद देईन आणि येईन, एवढं त्यांनी आईला कबूल केलं होतं. दिवेलागणीला परत आले तेव्हा चपलांना मळ्यातली माती होती. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं.

ते घराकडे गेलेच नव्हते. वाटेत एकाला विचारून परस्पर मळ्यात गेले. काका कुळथाच्या वेलांत बसले होते. बाबांना बघून ते गडबडून उभे राहिले. बाबांनी नमस्कार केला आणि कामावर विचारतात तसं विचारलं. आपलं नाव काय? वडिलांचं नाव काय? मग मुलाचं नाव घेऊन विचारलं, "त्याचे वडील आपणच का?"

"मग?" आईने विचारलं.

"हातची माती झटकली. मग म्हणाले, 'व्हय, मीच.' आणि मी कागद हातात दिला."

काकांनी त्यांचा दंड धरला होता, घरी चला, चहा घ्या म्हणून. बाबांनी हात जोडले आणि वाटेला लागले. आई कपाळावर हात मारून म्हणाली, व्याह्याचा चहा नाकारून आलात? कागद बजावल्यावर बेलिफ चहा घेत नाही, बाबा म्हणाले. त्या रात्री आईने त्यांना ताटात तळलेला बांगडा वाढला नाही. मला वाढला, पण माझ्याच्याने तो खाववला नाही.

आणि मग एक दिवस पोस्टमन पुढे न जाता गडग्यापाशी थांबला. पोस्टकार्ड होतं, माझ्या नावाचं. अक्षर मोठं, ओळी उतरत्या, शाई मध्येच दाट. अण्णांचं अक्षर मी पाहिलं होतं. हे ते नव्हतं. अण्णा लिहायला बसले होते, पण काकांनी त्यांच्याकडून कार्ड काढून घेतलं, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

मी पहिली ओळ वाचली आणि पायरीवर बसून राहिले. आई पीठ लागल्या हातांनी बाहेर आली. मी कार्ड तिच्यापुढे धरलं. माझ्या नावाआधी लिहिलं होतं, 'चि. सौ. कां.' लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलीच्या नावामागे लागतात ती अक्षरं. ती दुसऱ्या कुणाला लिहीत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीलाच लिहितात. आईने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि पिठाच्या हातानेच माझं तोंड कुरवाळलं.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी उभ्या उभ्याच कार्ड वाचलं. तुझे पत्र पोचले. मी पत्रे लिहीत नाही, हे पहिलेच आहे. चिपळूणला नाही कळविले. तुझे वडील चहा न घेता गेले, हे बरे झाले नाही. बैठकीला आले की आधी चहा, मग बोलणी, असे त्यांना सांग.

खाली सही होती. त्यांनी नाव घातलं नव्हतं, आडनाव नाही, समस्त मंडळी नाही, काकाही नाही. लिहिलं होतं, 'तुझे तीर्थरूप'.

असं कुणी लिहीत नाही. तीर्थरूप दुसऱ्याला म्हणायचं असतं, स्वतःला नाही. माझ्या पत्रात त्यांना तो शब्द मिळाला आणि त्यांनी तो आपलं नाव समजून खाली घातला. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. संगमेश्वरचं स्थळ एका आशीर्वादावरून मोडणारा हा माणूस आता काय म्हणतो, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला होता.

बाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा घातला.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले, आणि बस्ता बांधायला कुठे जायचं ते आईला विचारायला आत गेले.